फोर्डच्या बोल्टांवरची विलीज

मागच्या दिवाळीत मी आणि मावसभावानं बार्शीकडच्या एका शेतातून जुनी मिलिटरी जीप आणली, आणली म्हणजे टेम्पोत घालून, कारण चाकंच फिरत नव्हती. आई बघून म्हणाली, "लोक भंगार विकतात रे, तुम्ही विकत घेऊन आलात?" खरंय की. मी पॉवरलूमवाल्याकडं हिशेब लिहितो, भाऊ पतसंस्थेत, गाडीतलं ज्ञान म्हणजे स्कूटरचा प्लग पुसणे.

विकणारा म्हणाला विलीज कंपनीची आहे. चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, पुढचा आडवा दांडा गोल पाइपाचा, म्हणजे विलीजच, फोर्डनं केलेल्या जीपला तिथं उलट्या यू आकाराचा असतो. पण गंज खरवडला तर कितीतरी बोल्टांच्या डोक्यावर एफ! फोर्डवाले बारक्या बारक्या पार्टवरपण हा एफ उठवायचे. 1941 ते 45 मध्ये दोन्ही कंपन्यांनी एकाच डिझाइनच्या जीपा काढल्या, ह्याचं त्याला बसायचं, त्यामुळं कुणीतरी कधीतरी हाताला लागेल ते बसवलेलं असणार. भाऊ म्हणतो सगळे बोल्ट बदलून ओरिजनल करू. मी म्हटलं राहू दे की, बोल्ट काय भांडतायत का एकमेकांत? यावर आमचा दोन दिवस अबोला होता.

इंजिन 2.2 लिटर, 60 हॉर्सपॉवर, साइड व्हॉल्व्ह. म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाहीत, सिलेंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच, त्यामुळं हेड उचललं की पिस्टन-व्हॉल्व्ह सगळं ताटात वाढल्यासारखं समोर. तिसऱ्या सिलेंडरमध्ये पाणी शिरून पिस्टन गंजून धरलेला. डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं, रोज ऑफिसवरून आलं की लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकायचं, नवव्या दिवशी इंजिन हातानं फिरवायचं हँडल बोटभर हललं आणि आम्ही रात्री अकराला ओरडलो.

काही बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाचे शाफ्ट करणाऱ्या लेथवाल्या मामांकडून करून घेतले. त्यांनी जुना बुश उलटसुलट बघून विचारलं, "कुठल्या मागाचा ओ हा?" पण काम असलं चोख की हातानं दाबून बसला.

मग खरी फजिती. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2, पाठ केलेली, प्लगच्या वायरी लावल्या, हँडल मारलं आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या नव्या चादरीवर काजळीचा शिक्का. तीन रविवार कार्बोरेटरला शिव्या घातल्या. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा रोटर कुठल्या दिशेनं फिरतो हे कुणी बघितलंच नव्हतं, तो घड्याळाच्या उलटा फिरतो आणि आम्ही वायरी घड्याळासारख्या लावलेल्या! हे सापडलं तेपण लाइट गेलेली असताना. या जीपचा हेडलाइट नट सैल करून मागं उलटा वळवता येतो, थेट इंजिनवर उजेड, कसलं डोकं लावलंय बघा. वायरी बदलल्या, दुसऱ्या हँडलला सुरू.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला काढायची होती, आता मे उजाडला. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते आणि आमची गळते. टाकी काढून रेडिएटरवाल्याकडं दिलीय, पण भाऊ आत्ताच सांगून मोकळा झालाय, पहिली राउंड तूच मार दादा, मी शेजारी बसतो.