वाईट पार्श्वसंगीत म्हणजे नेमकं काय?

आज बेळगावच्या टिळकवाडीत सिनेसंगीतवाल्या मंडळींचा जोरदार वाद झाला. सगळ्यात वाईट पार्श्वसंगीत कोणतं? पहिलं नाव अर्थातच 1985 च्या ‘लेडीहॉक’ या हॉलिवूड सिनेमाचं. मध्ययुगातली गोष्ट, घोडे, किल्ले, आणि त्यावर संगीतकार अँड्र्यू पॉवेल यांचे ड्रम, सिंथेसायझर, इलेक्ट्रिक गिटार. काळाशी विसंगत म्हणून वाईट, असं बरेच जण म्हणाले. मला हे पटत नाही. त्या काळात सिम्फनी ऑर्केस्ट्रा तरी कुठे होता?

माझ्या मते खरं वाईट ते, जे संवाद गिळतं. बोलण्यातली व्यंजनं मुख्यतः 2 ते 4 किलोहर्ट्झच्या, म्हणजे बऱ्यापैकी उंच आवाजाच्या, पट्ट्यात कळतात. तिथेच ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं) आणि चढी व्हायोलिन भरली की शब्द गेला. सगळंच संगीत दाबलं तर प्रसंगातली जान जाते; त्या पट्ट्यातच 3-4 डेसिबल कापावेत, किंवा संवादाखाली चेलोसारखं खर्जातलं वाद्य ठेवावं. आपल्या बेळगावात हे फार जाणवतं. घरात मराठी बोलणारी माणसं कन्नड सिनेमा कानावर भिस्त ठेवून बघतात, एक शब्द बुडाला तरी धागा सुटतो.

शेवटच्या क्षणी बदललेलं संकलन हेही एक कारण. सेकंदाला 24 फ्रेम. थपडेआधीच्या 12 फ्रेम कापल्या आणि संगीत तसंच ठेवलं, तर थप्पड दिसल्यावर अर्ध्या सेकंदाने संगीतातला ठोका पडतो. शिव्या मात्र संगीतकाराला.

शहापूर, वडगावच्या मंडळींनो, तुमच्या मते वाईट संगीत असलेल्या सिनेमांची नावं लिहा, पण नेमका प्रसंगही सांगा.