तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, फोन करून आकडा का घेत नाही

लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, स्टँडवर, कुठंही कोणी भेटलं की हेच विचारतं. विहिरीत पाणी किती खाली गेलं एवढंच लिहायचं ना, मग त्यासाठी सहा दिवसात तेराशे किलोमीटर गाडी कशाला हाकतोस, विहीरवाल्याला फोन लाव, विचार, लिही, संपलं. मेव्हणा दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विचारतो. पारोळ्याकडचे एक काका तर मला गाडीतून उतरताना बघितलं की सुरूच होतात, "काब्र येवढा हिंडस रे भो, फोन करी ले ना." इतकी वर्षं मी बरं म्हणून विषय बदलला. ते चुकलं माझं, कारण आता सगळ्यांना वाटतं की याच्याकडे उत्तर नाही, किंवा डिझेलचं बिल काढायला हिंडतो. दुसरं ऐकलं की फार लागतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मे महिन्याचा आठवडा घ्या. सोमवारी जळगावहून पहाटे निघून भुसावळ, सावदा, रावेर, मंगळवारी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने यावल, चोपडा, बुधवारी शिरपूर, शहादा, गुरुवारी तळोदा आणि वर धडगाव, शुक्रवारी साक्री, शनिवारी शिंदखेडा आणि जमलं तर परतताना अमळनेर. हे सगळं एकाच आठवड्यात का, तर अर्ध्या विहिरी वळवाच्या पावसाआधी आणि अर्ध्या नंतर मोजल्या तर दोन तालुक्यांची तुलनाच होत नाही. आणि गाडीचा रस्ता मी नाही ठरवत, लाईट ठरवते. शेतीची लाईट तीन-चार दिवस दिवसा, मग रात्री. पंप चालू असताना टेप सोडली तर पाणी खाली बसलेलं दिसतं, ती विहिरीची खरी पातळी नसते, म्हणून पंप बंद करून पाणी परत चढेपर्यंत थांबायचं असतं, आणि मेमध्ये कोणता शेतकरी लाईट असताना तुमच्यासाठी पंप बंद करेल? केळीला पाणी तोडून? म्हणून मी फोन करतोच, रोज करतो, पण लाईट कधी आहे हे विचारायला.

मोजणं तसं साधं आहे. टेपच्या टोकाला शिशाचं वजन, खालचा मीटरभर खडूने घासलेला, पाण्यात बुडाला तेवढा खडू ओला होतो. कठड्यावरच्या आकड्यातून ओला भाग वजा, मग कठड्याची उंची वजा, राहिलं ते जमिनीपासून पाणी किती खाली. दोनदा मोजायचं. पाच-सात मिनिटांचं काम आणि त्यासाठी कधीकधी साठ किलोमीटर, हे मलाही दिसतं, मी आंधळा नाहीये.

आता खरं कारण. मे 2019. आदल्या ऑक्टोबरात सरकारने राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर केलेले, त्यामुळे त्या मे महिन्यात आकड्यांना कधी नव्हे ती किंमत आलेली, रोज कोणी ना कोणी विचारायचं पाणी किती खाली गेलं. शुक्रवारी साक्रीकडे गाडीचा रेडिएटर फुटला, अर्धा दिवस गेला. शनिवारी दुपारी चार वाजता शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावाची एकच विहीर राहिली होती, वीस किलोमीटर आत, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, बाहेर ऊन असं की स्टेअरिंगला हात लावता येईना. रजिस्टरमध्ये विहीरवाल्या आप्पांच्या नावापुढे मोबाईल नंबर होता. मी फोन लावला. त्यांच्या मुलाने उचलला. म्हणाला, "शे ना पानी, तीस फुटवर शे." मी मीटर केले आणि लिहिलं, 9.1. तो पॉइंट एक बघा. टेप टाकून आल्यासारखा दिसतो ना? तो मी कॅल्क्युलेटरवर काढलेला होता.

मुलगा सुरतेला होता. मला विचारायचं सुचलं नाही की तू आत्ता कुठं आहेस. आमच्याकडची निम्मी पोरं सुरतेला असतात, हे मला काय माहीत नव्हतं? होळीला तो घरी आला होता तेव्हा पंपाचा पाइप खाली सोडताना त्याने पाणी बघितलं होतं, त्या दिवसाचा तो तीस फूट. विहीर आखाजीपासूनच कोरडी पडली होती, खाली नुसता गाळ.

ज्या गावांत मोजतो त्यांना आम्ही मेअखेर पातळ्यांचा तक्ता देतो, ग्रामपंचायतीत लागतो. शेजारच्या शिवारातल्या एका बाईंनी, तीन एकर रान, ऐंशी लिंबाची झाडं, नवरा नाही, भावकीतल्या पोराकडून तो वाचून घेतला. त्याच नाल्यावर दीड किलोमीटर वर मे महिन्यात नऊ मीटरला पाणी आहे, मग आपली विहीर दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढी, खोल केली तर लागेल, असा त्यांनी हिशोब केला. चुकीचा हिशोब नव्हता तो. आकडा खरा असता तर मीही तेच सांगितलं असतं. सोनं गहाण ठेवलं, विहिरीतले दगड वर ओढायची यारी लावली, सुरुंग लावले, साठ हजार गेले. ओल आली. पाणी नाही आलं.

मला कळलं जूनमध्ये, दुसऱ्याच कामाला त्या गावात गेलो होतो तेव्हा. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी दिलं प्यायला, टँकरचं, आणि म्हणाल्या, "भाऊ, तुना कागदवर ते पानी व्हतं ना?" मी म्हणालो, माय, दगडाचं काही सांगता येत नाही. आणि खाली बघून ग्लास रिकामा केला.

आता इथं मी स्वतःशीच किती वेळा भांडलो ते सांगतो. दगडाचं सांगता येत नाही हे खोटं नाहीये. धुळे-नंदुरबारकडे जमिनीत काळ्या दगडाच्या उभ्या भिंती घुसलेल्या आहेत, डाईक म्हणतात, शेकड्यांनी आहेत, आणि अशी एक भिंत मधे आली की अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी ठणठणीत असं होतं. म्हणजे आप्पांच्या विहिरीत खरंच नऊ मीटरवर पाणी असतं तरी त्या बाईंच्या विहिरीला लागलं असतंच असं नाही. मग दोष माझा किती? शिवाय त्यांनी एकदा चालत जाऊन आप्पांच्या विहिरीत डोकावायला हवं होतं, असंही मी वर्षभर मनाशी म्हणत होतो. दीड किलोमीटर तर होतं. पण मी तरी कुठं वीस किलोमीटर गेलो होतो, आणि मला तर त्याचा पगार मिळतो.

आणि पुढं 2019 चा पाऊस चांगला झाला. नाला वाहिला, ती खोल केलेली विहीर भरली, वाचलेली चाळीसेक झाडं फुटली, आणि ऑक्टोबरात त्याच बाई म्हणाल्या बरं झालं खोल केली. साहेबांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले बघ, झालं ना बरं, कशाला उकरतोस, एका आकड्याने काय होतं. मी म्हणलं तो आकडा काढून टाका. नाही काढला. अजून तिथंच आहे, त्या विहिरीची मे महिन्याची सरासरी काढली की त्यात तो 9.1 बसतो.

तुमच्यातले हुशार लोक आता म्हणतील यंत्रं बसवतात ना. बसवतात, अटल भूजल योजना आल्यापासून जळगावकडे काही ठिकाणी आपोआप पातळी नोंदवणारी यंत्रं आलीत, चांगली आहेत, मला त्यांचा राग नाही. सगळ्या विहिरींवर बसली तर मी घरी बसेन आनंदाने. तोवर धडगावच्या वर ज्या पाड्यांत रेंजच लागत नाही तिथं कोणाला फोन करू? आणि रावेर-यावलला बोअरमध्ये पाणी किती खाली गेलं हे मालकालाही माहीत नसतं, त्याला एवढंच माहीत असतं की पंप पाणी ओढतो की नाही. फोनवर माणूस खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. तो पोरगा खोटं बोलला नाही. त्याला शेवटचं जे दिसलं होतं ते त्याने सांगितलं. आणि काहीजण समोरचा कशाला विचारतोय याचा अंदाज बांधून सांगतात, टँकरवाला वाटला तर कोरडी, बँकवाला वाटला तर भरपूर. मीही तेच केलं असतं.

बायकोचं म्हणणं वेगळं आहे, ती म्हणते तू पाण्यासाठी नाही, त्या एका शनिवारसाठी हिंडतोस. असेल. पाठ गेलीये, मे महिन्यात पोरांची सुट्टी माझ्याशिवाय जाते, आणि कधीकधी रात्री दोंडाईच्याहून परतताना वाटतं की एखादी विहीर राहिली तर राहिली, कोरा रकाना ठेवावा. हल्ली तसंच करतो, नाही जमलं तर कोरा सोडतो. त्यावरून बोलणी बसतात.

त्या बाईंची विहीर आता माझ्या यादीत आहे, मीच घालून घेतली. शनिवारी शेवटी तिथं जातो. त्या टेपचं टोक हातात धरतात, खडू ओला झालाय का स्वतः बघतात, आकडा विचारतात आणि मी लिहीपर्यंत बाजूला उभ्या राहतात. त्या तक्त्यातला 9.1 फोनवरचा होता हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.