देव समोर असताना नास्तिक

डंजन्स अँड ड्रॅगन्स या, प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन खेळतो अशा खेळाच्या २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पात्राची माहिती भरायच्या कागदावर वंश आणि पेशा यांच्या जोडीला आराध्यदैवताचाही रकाना होता. हा रकाना कोरा ठेवणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते बहुधा प्रत्यक्ष आयुष्यातही देव न मानणारे असतात. आपले मत पात्राच्या तोंडी घालण्यात गैर काही नाही. मात्र ते पात्र ज्या जगात वावरणार, तिथे हे मत टिकवणे अवघड असते.

कारण तिथले देव पुराव्यानिशी हजर असतात. क्लेरिक, म्हणजे दैवी सामर्थ्य वापरणारा पुरोहित, पुरेसा अनुभवी झाला की, पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे, ५०० सुवर्णनाण्यांचा हिरा खर्ची घालून, मरून १० दिवसांहून अधिक काळ न लोटलेल्या माणसाला उठवतो, आणि दुसऱ्या एका मंत्राने देवाला ३ प्रश्न विचारून ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मिळवतो. कोकणात कौल लावणाऱ्याला मूर्तीवरचे कोणत्या बाजूचे फूल पडले एवढ्यावरच समाधान मानावे लागते. इथे देव स्वतः बोलतो. अशा जगात ‘देव नाहीच’ असे म्हणणारा माणूस विवेकवादी न ठरता हटवादी ठरतो.

पण मग आस्तिकाकडे तरी श्रद्धा म्हणण्यासारखे काय उरते? उत्तराची खात्री असलेल्या ठिकाणी विश्वास टाकावा लागत नाही. मुळात क्लेरिकचा जन्मही भक्तीतून झालेला नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे एक जनक डेव्ह अर्नेसन यांच्या त्याआधीच्या ब्लॅकमूर या खेळात एका खेळाडूचे व्हँपायर झालेले पात्र डोईजड होऊ लागले, तेव्हा त्याला आवर घालण्यासाठी हा पुरोहित घडवला गेला, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७४ च्या पहिल्या नियमपुस्तिकांत तो कायमचा दाखल झाला. त्याचे हे कामापुरते मूळ अजून सुटलेले नाही: जखमा भरणारा कोणीतरी हवा म्हणून एखादा खेळाडू नाइलाजाने क्लेरिक होतो आणि कोणत्या देवाकडून कोणत्या शक्ती मिळतात हे पाहून यादीतून देव निवडतो.

याउलट नास्तिकांची सोय लावताना लेखकांनी बरीच कल्पकता दाखवली आहे. हा खेळ ज्या काल्पनिक जगांत खेळला जातो त्यांपैकी एड ग्रीनवूड यांच्या फरगॉटन रेल्म्स या जगात कोणत्याही देवाला न मानणाऱ्या आत्म्यांना मृत्यूनंतर एका भिंतीत चिणतात आणि तिथे ते हळूहळू विरून जातात. देवांविषयी याहून वाईट साक्ष कोणता नास्तिक देऊ शकला असता? १९९४ च्या प्लेनस्केप या दुसऱ्या जगातला अथार हा पंथ अधिक समंजस आहे. देव आहेत, बलाढ्यही आहेत. पण पूजा करावी अशी त्यांची योग्यता नाही, असे त्याचे म्हणणे आहे. विठोबाची खरडपट्टी काढणारी जनाबाई आपल्याला ठाऊक आहे, पण तिचे भांडण घरातले होते. अथारांनी घरच सोडले आहे.

मला मात्र सर्वांत जवळचे वाटते ते २००४ साली आलेले, कीथ बेकर यांचे एबेरॉन हे जग. तिथे देव कोणाला भेटत नाहीत, आणि भ्रष्ट पुरोहिताचेही मंत्र चालत राहतात; त्यामुळे हे सामर्थ्य देव देतो की माणसाचा विश्वासच ते निर्माण करतो, हा वाद त्या जगातल्या विद्वानांनाही मिटवता येत नाही. शंकेला जागा असल्यामुळे इथला आस्तिक खरा वाटतो आणि नास्तिकही.

एबेरॉनमध्ये मला एकदा पूर्वमीमांसक, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचा अनुयायी असलेला, क्लेरिक खेळायचा आहे. विधीचे फळ विधीतूनच मिळते, ते वाटून देणारा ईश्वर मानण्याची गरज नाही, अशी मीमांसकांची भूमिका होती, आणि त्यांच्यातल्या कुमारिल भट्टाने तर सृष्टिकर्त्या ईश्वराचे सविस्तर खंडन केले आहे. माझा हा पुरोहित सगळे विधी काटेकोरपणे करील, हिरा खर्चून मेलेल्याला उठवील, आणि देवाचे आभार मानत पाया पडणाऱ्या नातेवाइकांना बाजूला घेऊन, यात देवाचा काही संबंध नाही, फक्त उच्चार शुद्ध होते, हे त्यांना पटेपर्यंत समजावून सांगेल.