उसण भरल्यानंतर

कंबर दुखू लागली, की जमीन आपल्यापासून किती लांब आहे याचा माणसाला नव्याने अंदाज येतो. एरवी हातातून पडलेले पेन उचलणे हे काही काम म्हणून मोजण्याची गोष्ट नसते. परंतु कमरेत उसण भरलेली असताना त्या पेनाकडे आधी काही वेळ नुसते पाहिले जाते, ते आपल्याला खरोखरच हवे आहे का याचा विचार होतो, घरातली दुसरी पेने आठवून पाहिली जातात, आणि एवढे होऊनही वाकावेच लागले, तर त्या एका वाकण्यात पलंगाखाली गेलेली चप्पल, बाटलीचे घरंगळलेले झाकण आणि आठवडाभर नजरेआड केलेला कागदाचा कपटा अशी सगळी कामे उरकून घेतली जातात. खाली जाणे तेवढे अवघड नसते. वर येताना आपण कोणत्या टप्प्यावर अडकू, याची मात्र खात्री देता येत नाही.

दुखऱ्या कमरेला जड कामांपेक्षा किरकोळ कामेच अधिक झोंबतात. जड वस्तू उचलताना आपण सावध असतो, तोंड धुताना नसतो. बेसिनपाशी दात घासताना माणूस धड ताठ उभा नसतो आणि पूर्ण वाकलेलाही नसतो. या अर्धवट अवस्थेत डोके, छाती आणि दोन्ही हात यांचे वजन कमरेच्या पुढे येते आणि ते तोलून धरण्याचे काम कण्यालगतच्या स्नायूंना सतत करावे लागते. माणूस पूर्ण वाकला, की तो भार बऱ्याच अंशी हाडांना जोडून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर जातो आणि हे स्नायू सैल पडतात. अधल्यामधल्या वाकण्यात त्यांना सुटका नाही. एक हात बेसिनच्या कडेवर टेकवला, की त्याच क्षणी फरक जाणवतो. शिंकेचे प्रकरण याहून नाजूक आहे. शिंक येणार हे कळल्यापासून ती येईपर्यंत जो अवधी मिळतो, त्यात भिंत गाठायची, तळहात टेकायचा, गुडघे किंचित सैल सोडायचे आणि पाठ सरळ ठेवायची. एवढी सगळी सिद्धता झाल्यावर शिंक परत गेली, तर हायसे वाटण्याऐवजी फसवणूक झाल्यासारखे वाटते, कारण ती पुन्हा केव्हा येईल हे कोणी सांगावे?

सकाळ ही कमरेची सर्वांत अवघड वेळ, आणि त्यामागे कारणही आहे. मणक्यांच्या मधल्या गाद्या दिवसभर शरीराच्या वजनाखाली दबून थोडे पाणी गमावतात आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा शोषून घेतात. म्हणून माणूस सकाळी उठतो तेव्हा रात्रीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. वाढलेल्या उंचीचा आनंद मानावा, तर पाण्याने तट्ट फुगलेल्या गाद्यांवर वाकण्याचा ताण अधिक येतो. त्यातली बरीचशी उंची उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातच कमी होते, आणि नेमक्या त्याच तासात आपण मोजे घालण्यासाठी, बादली उचलण्यासाठी आणि बुटांच्या नाड्या बांधण्यासाठी वाकत असतो. वजनाचा जाच संपला म्हणजे कंबर सुटली असेही नाही. अंतराळवीरांच्या कण्यावर वजनाचा भार नसतो, त्यांची उंची तिथे काही सेंटिमीटरने वाढते, आणि तरीही पहिल्या काही दिवसांत त्यांच्यातल्या अनेकांची पाठ दुखते. पृथ्वी सोडूनही ज्या दुखण्यातून सुटका नाही, त्याच्याशी इथेच जमवून घेणे भाग आहे.

जमवून घेण्याच्या वाटेवर पहिली भेट होते ती सल्ल्यांशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२० साली जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की आपण ज्याच्याजवळ कण्हतो तो बहुधा स्वतः यातून गेलेला असतो किंवा त्याच्या घरात कोणीतरी गेलेले असते, आणि त्याच्यापाशी एक अक्सीर इलाज असतो. कोणी लेप सांगतो, कोणी लोंबकळायला सांगतो, कोणी अमुक एका हाताचा गुण सांगतो, आणि प्रत्येक जण अगदी मनापासून सांगतो. ही माणसे खोटे बोलत नसतात. अचानक धरलेली कंबर बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआपच बरीचशी मोकळी होते. आपण उपायाकडे धाव घेतो ती दुखणे शिखरावर असताना, आणि शिखरानंतर उतार यायचाच असतो. त्यामुळे उताराच्या आदल्या दिवशी जे केले त्याला श्रेय मिळते आणि त्याआधी जे जे केले ते सारे निरुपयोगी ठरते. मला स्वतःला ज्या मलमाने गुण आला असे मी बरेच दिवस सर्वांना सांगत असे, ते मलम मी नेमके सगळ्या उपायांच्या शेवटी लावले होते, ही गोष्ट त्या मलमाच्या फारच पथ्यावर पडली.

तात्पुरत्या उपायांना मी नावे ठेवणार नाही. गरम पाण्याच्या पिशवीने काही काळ बरे वाटते आणि तेवढ्यात माणूस चार पावले चालतो, हेही कमी नाही. साध्या पॅरासिटामॉलने अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीत औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा अधिक लवकर बरे वाटत नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. ते वाचल्यावर डब्यातल्या गोळ्यांकडे माझी पाहण्याची दृष्टी बदलली. कमरेच्या पट्ट्याचा उपयोग मात्र मला वैद्यकीय कमी आणि सामाजिक अधिक वाटतो. कंबरदुखी दिसत नाही. प्लास्टरमधला हात पाहून लोक दार उघडून धरतात. कंबर धरलेला माणूस बाहेरून इतरांसारखाच धडधाकट दिसतो आणि सामान हलवण्याच्या वेळी मागे राहिला, तर कामचुकार ठरतो. पट्टा कपड्यांच्या वरून बांधला, की त्या दुखण्याला अधिकृतपणा येतो.

हाच अधिकृतपणा पुढे आपण एमआरआयमध्ये शोधतो. विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवून दिले, की मणक्यांमधल्या गादीचा भाग बाहेर येऊन मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेवर दाबला गेल्यामुळे पायात कळा येऊ शकतात. शोध मोलाचा होता. पण तेव्हापासून कमरेच्या प्रत्येक दुखण्यासाठी गादीलाच आरोपी करण्याची सवय जडली ती जडलीच. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखीची तक्रार नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढण्यात आले, तेव्हा त्यांतल्या केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व गाद्या निर्दोष निघाल्या आणि निम्म्याहून अधिक लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला. ही माणसे ठणठणीत होती. म्हणजे अहवालात ‘एल-फोर’, ‘एल-फाइव्ह’, ‘एस-वन’ अशा मणक्यांच्या नावांपुढे लिहिलेल्या ‘डिजनरेटिव्ह’ (झिजलेले) आणि ‘बल्ज’ (फुगवटा) या शब्दांनी हादरून जाऊन रात्री अंथरुणावर ज्यांची झोप उडते, त्यांच्यापैकी कित्येकांच्या शरीरात केसांच्या पांढरेपणासारखे वयाचे खुणा करणे चालू असते, इतकेच. सुमारे ९० टक्के कंबरदुखीत बोट ठेवून दाखवता येईल असे एखादे कारण सापडत नाही. दुखणे खरे असते, फक्त त्याचा फोटो निघत नाही.

उरलेल्यांच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही, आणि हे हलक्याफुलक्या लेखातही स्पष्ट सांगितले पाहिजे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातली शक्ती कमी होत जाणे, सोबत ताप असणे, कारण नसताना वजन उतरणे किंवा मोठ्या अपघातानंतर दुखू लागणे, यांपैकी काहीही असेल तर लेप आणि पट्टे बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

बाकीच्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या एकच आज्ञा होती: पडून राहा. ती किती जुनी असावी? एडविन स्मिथ पपायरस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या वैद्यकीय लेखात एकूण ४८ रुग्णांची प्रकरणे आहेत आणि त्यातले शेवटचे प्रकरण पाठीचा मणका लचकलेल्या माणसाचे आहे. वैद्याने त्याला दोन्ही पाय लांब करून परत आखडून घ्यायला सांगावे. तो पाय लांब करताच कण्यात दुखल्यामुळे लगेच आखडून घेईल, असे त्यात लिहिले आहे. आजचे डॉक्टर आपल्याला टेबलावर उताणे निजवून सरळ पाय वर उचलतात आणि आपला चेहरा न्याहाळतात, ती तपासणी या तपासणीची नात्यातलीच म्हणायची. निदान झाल्यावर उपचार सुरू होतात: रुग्णाला उताणे झोपवावे, त्याच्यासाठी तयार करावे... आणि इथे वाक्य अर्ध्यावर तुटते. नकलून घेणारा लेखनिक तिथेच थांबला. काय तयार करायचे होते ते आजतागायत कळलेले नाही, आणि इजिप्तमधले ते औषध आपल्याला ठाऊक असल्याचा दावा अजून माझ्या कोणत्याही सल्लागाराने केलेला नाही, याचेच मला आश्चर्य वाटते.

पडून राहण्याची आज्ञा ढिली झाली ती अगदी अलीकडे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगण्यात आली. दोन दिवसवाले सात दिवसवाल्यांइतकेच बरे झाले आणि कामावर मात्र लवकर परतले. पुढे १९९५ मध्ये फिनलंडमधल्या अभ्यासात तर असे दिसले, की झेपेल तितकी नेहमीची कामे करत राहणारे लोक अंथरूण धरणाऱ्यांपेक्षा आणि त्या दिवसांत व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही लवकर सावरले. हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात कंबर धरलेली असताना हालचाल करणे म्हणजे चमक कुठून येईल याचा अदमास घेत चालणे असते. माणूस सबंध धड एकजीव करून वळतो, कोणी हाक मारली तर मानेऐवजी पावलांनी मागे फिरतो, श्वाससुद्धा हिशेबाने घेतो. दुखणे ओसरल्यावरही हा आखडलेपणा अंगात राहतो, स्नायू विनाकारण पहारा देत बसतात आणि त्या पहाऱ्यानेच पुन्हा दुखू लागतात. माझ्या मते कंबरदुखीचा खरा मुक्काम या भीतीत असतो.

भीती घालवण्याचा जो मार्ग फिजिओथेरपिस्ट सांगतात तो कमालीचा कंटाळवाणा आहे. उताणे पडून गुडघे दुमडावेत आणि कंबर हलकेच जमिनीला टेकवावी. मग कुल्ले उचलून पूल करावा. मग हातापायांवर येऊन पाठ वर फुगवावी आणि खाली सोडावी. यात पराक्रम काहीच नाही, घाम येत नाही, कोणी पाहिले तर माणूस काहीतरी हरवलेले शोधत असावा असे वाटते. मला ज्यांनी शिकवले त्या बाईंनी पहिल्याच दिवशी पलंगावरून उठण्याची रीत घोटून घेतली: आधी कुशीवर वळायचे, पाय कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने अंग वर ढकलायचे. पाय खाली जातात त्यांच्याच वजनाने धड वर येते आणि कमरेला त्याचा पत्ता लागत नाही. एवढी साधी युक्ती इतक्या उशिरा कळावी, याचा मला त्या क्षणी दुखण्याहून अधिक राग आला होता.

चालण्याचे माहात्म्य तर आता मोजूनही झाले आहे. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ जणांवर ऑस्ट्रेलियात झालेली एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना टप्प्याटप्प्याने चालणे वाढवायला शिकवले होते, त्यांचे दुखणे परत येईपर्यंतचा मध्यक काळ, म्हणजे निम्म्या लोकांचे दुखणे ज्याच्या आत परतले तो अवधी, २०८ दिवसांचा होता. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांचा ११२ दिवसांचा. दुखणे परत येतच नाही असे इथेही कोणी म्हणत नाही, आणि मला या अभ्यासात सर्वांत प्रामाणिक वाटलेली गोष्ट ती हीच. मध्ये मोकळे दिवस किती मिळतात, एवढाच प्रश्न उरतो. त्या मोकळ्या दिवसांत आपल्याला कंबर आहे याची आठवणही होत नाही, आणि आठवण होत नाही म्हणून व्यायामही होत नाही, हा यातला जुना घोळ आहे.

खुर्चीचा शोध मी आता सोडून दिला आहे. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या गाद्यांत सुई घालून दाब मोजला आणि उभे राहण्यापेक्षा बसताना तो अधिक असतो असे सांगितले, तेव्हापासून बसणे बदनाम झाले. १९९९ मध्ये पुन्हा केलेल्या मोजणीत मात्र तो फरक तसा दिसला नाही. बिचाऱ्या खुर्चीची बदनामी काही पुसली गेली नाही, आणि कमरेचा आकार जाणणाऱ्या महागड्या खुर्च्या विकल्या जातच राहिल्या. माझा अनुभव असा, की उत्तमातल्या उत्तम खुर्चीतही तासाभराने कंबर कुरकुर करते आणि साध्या स्टुलावरूनही दर थोड्या वेळाने उठले तर ती गप्प असते.

म्हणून लांबलेल्या बैठकांत मी मध्येच उठून मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहते. प्रथम प्रथम बोलणाऱ्याला वाटे, की मी रागावून निघाले आहे; तो अडखळे आणि मला हातानेच ‘चालू द्या’ म्हणावे लागे. परवाच्या अशाच एका बैठकीत मी भिंतीला टेकले, तेवढ्यात एरवी फारसे न बोलणारे एक वयस्क गृहस्थ टेबलाला हात टेकत उठले आणि सावकाश माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. समोर अंदाजपत्रकावर घनघोर चर्चा चालू होती. त्यांनी मान न वळवता हळूच विचारले, “एल-फोर, एल-फाइव्ह?”

“एल-फाइव्ह, एस-वन,” मी म्हणाले. “आपले?”

“दोन्ही,” ते जरा तोऱ्यातच म्हणाले आणि सरकून त्यांनी भिंतीचा गार भाग मला दिला.