कोकणातून किती भरती करायची

डबा खाऊन झाल्यावर आमच्या महापेच्या ऑफिसात जी वीसेक मिनिटं कुणीच काम करत नाही आणि कुणीच तसं कबूलही करत नाही, त्या वेळात हल्ली एक गेम चालतो. एज ऑफ हिस्टरी टू. २०१८चा, म्हणजे गेमच्या हिशोबाने पेन्शनीत निघालेला, आणि याकोव्स्की नावाच्या एका पोलिश माणसाने बनवलेला. फोनवर चालतो, जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतो, आणि किंमत म्हणाल तर दोघांनी मिसळ खाऊन वर ताक घेतलं तर होतील तेवढे.

दिसायला त्यात काही म्हणजे काही नाही. जगाचा नकाशा, त्याचे तुकडे, तुकड्यांना रंग आणि तुकड्यावर सैन्याचा आकडा. आकडा उचलायचा, शेजारच्या तुकड्यात ढकलायचा, टर्न संपवायचा, आपला आकडा जिंकला की तुकड्याचा रंग बदलतो. घोडदळ वेगळं नाही, तोफखाना वेगळा नाही, कुणी ओरडत नाही की पडत नाही. कर किती, संशोधनावर किती, गुंतवणुकीवर किती अशा चार पट्ट्या इकडेतिकडे सरकवल्या की झालं राज्य सुरू.

तर यावर मतं. टेस्टिंगमधल्या मॅडमचं मत असं की स्वस्त आहे ना, मग ठीक आहे. त्यांचं हे मत कॅन्टीनच्या उपम्याबद्दल पण आहे आणि ऑफिसच्या बसबद्दल पण. मला हे असलं मत ऐकलं की उगाच चिडायला होतं, म्हणजे तुम्ही गेमबद्दल बोलताय की पाकिटाबद्दल? चारशे रुपयांचं नाटकाचं तिकीट काढलेला माणूस इंटर्वलमध्ये नेपथ्यापासून वड्यापर्यंत सगळ्याची सालं काढतो आणि तोच माणूस स्वस्तात मिळालेल्या गोष्टीसमोर एकदम संत होतो. अहो पण स्वस्त गोष्टीला पण चांगलं-वाईट असतंच की. असो.

दुसरा आमचा सातारकर. त्याने गेम घेतल्या घेतल्या आधी मराठे शोधले. सापडेनात. पहिलं महायुद्ध उघडलं तर इंग्रजांचा एकसलग रंग, दुसऱ्यात तेच, आजच्या जगात अर्थातच भारत. तो इतका हिरमुसला की बाजूचा म्हणाला, अरे बाबा, १८१८ला संपलं आपलं, १९१४मध्ये कुठून आणणार तो पोलिश माणूस? पण गेममध्ये आपलं राज्य आपण बनवायची सोय आहे, झेंडा पण आपणच काढायचा, मग काय, त्या दिवशी सातारकराचा डबा तसाच राहिला आणि संध्याकाळी घणसोली यायच्या आत भगवा अटकेपार. केरळच्या आमच्या मित्राने त्रावणकोर शोधलं, नागपूरकराने भोसले शोधले. हे मी नेहमी बघतो. जगाचा नकाशा हातात दिला तरी माणूस पहिलं बोट आपल्या घरावर ठेवतो आणि तिथली रेष चुकली असेल तर बाकीचं सगळं जग बरोबर असून उपयोग नाही, गेम भंगार.

सातारकराची खरी तक्रार मात्र वेगळी होती आणि ती मला पटली. म्हणाला, यात पावनखिंड होऊच शकत नाही. १६६०च्या त्या रात्री बाजीप्रभूंबरोबर तीनशेच्या आसपास माणसं होती, मागून येणारे कितीतरी पट, आणि खिंड लढवली ती खिंड अरुंद होती म्हणून, माणसं तशी होती म्हणून. इथे? तीनशेवर तीन हजार ढकलले की पुढच्या टर्नला रंग बदलला. किल्ला बांधायचं बटण आहे, बचावाला थोडी मदत होते, पण किल्ला म्हणजे काय नुसती टक्केवारी असते का रे? प्रतापगडाच्या पायथ्याशी आकडे मोजत बसले असते तर १६५९लाच आपला सगळा खेळ आटोपला असता. त्यावर नागपूरकर शांतपणे म्हणाला, तू आकडा वाढव ना मग. अशी चर्चा.

माझं घर ठाण्यात, म्हणून माझं बोट ठाण्यावर. ठाणं वेगळं दाखवलेलंच नाही, मुंबई-ठाणे-वसई सगळं एका तुकड्यात आणि तो तुकडा फोनवर माझ्या करंगळीच्या नखाएवढा. आता इथे किती घडलंय हो. सेंट्रल जेलची भिंत म्हणून आपण जिच्या बाजूने रिक्षाने जातो तो पोर्तुगीजांनी १७३०मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आहे, १७३७ला मराठ्यांनी घेतला, मग १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि १७७४च्या डिसेंबरात ठाणं इंग्रजांकडे गेलं. चव्वेचाळीस वर्षांत तीन रंग. गेममध्ये एवढ्यासाठी एक तुकडा जास्त पाडायला काय जात होतं! (जात होतं हे मला कळतं, एकटा माणूस सगळ्या जगाचे तुकडे पाडत बसला होता. पण तरी.)

आणि तरी मी हा गेम खेळतो, कारण त्यात रंग भरायला मिळतो. नौपाड्यातल्या आमच्या शाळेत कोरे नकाशे आणायला सांगायचे, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे महाराष्ट्र संपलेला असायचा आणि आशिया उरलेला असायचा. बारा रंगांच्या पेन्सिलींचा डबा, त्यातली पांढरी कधी झिजायची नाही आणि केशरी दिवाळीपर्यंत अंगठ्याएवढी. समुद्र भरायची खास पद्धत होती. निळ्या पेन्सिलीचं टोक ब्लेडने खरवडून कागदावर पूड पाडायची, मग कापसाचा बोळा घेऊन हलक्या हाताने किनाऱ्यालगत फिरवायचा, की अरबी समुद्र असा गुळगुळीत यायचा की शेजारचा बघून स्वतःचा समुद्र खोडायला घ्यायचा. खोडला की कागद फाटायचा, बरोबर रत्नागिरीच्या इथे. बाईंना समुद्राचं काही नव्हतं, त्या फक्त दोन गोष्टी बघायच्या, सूची आहे का आणि रंग रेषेबाहेर गेलाय का. सूची नसली की अर्धा मार्क गेला. शहाजीराजांची जहागीर, आदिलशाही, सिद्दी, पोर्तुगीज, एकेकाला एकेक रंग, आणि स्वराज्याला केशरी इतका दाबून की मागच्या पानावर उमटायचा. लढाया पाठ होत्या का? नव्हत्या. रंग पाठ होते.

तेव्हा रेषेबाहेर गेलं की ओरडा, या गेममध्ये रेषेबाहेर जाण्याचेच मार्क, एवढाच काय तो फरक.

परवा रविवारी ऐरोलीला ताईकडे गेलो तर भाचा पण तोच खेळत होता. मी शिकवला नाही, आपलाआपला शिकला. नववीतला मुलगा, मतं विचारली तर एकच, सोपा आहे रे मामा, टाइमपास. त्याने पण स्वतःचं राज्य बनवलं होतं आणि त्याची लढाई लागली होती गुजरातकडे, पण सैन्य भरती करत होता मुंबईखालच्या किनारपट्टीवरून, म्हणजे आपल्या कोकणातूनच. या गेममध्ये भरती केली की माणसं त्या तुकड्याच्या लोकसंख्येतून वजा होतात. तो प्रत्येक टर्नला पट्टी पार टोकापर्यंत ओढायचा. पैसे गेले, आकडा वर उगवला, आकडा उत्तरेला निघाला, आणि खाली लोकसंख्या कमी. परत पट्टी. परत कमी.

आमचे आजोबा संगमेश्वराकडचे. गिरणीत आले, मग धाकट्या भावाला बोलावलं, मग चुलत्याच्या मुलाला, सगळे एका खोलीत. आता वाडीतली आमच्या ओळीतली घरं गणपतीत आणि शिमग्याला उघडतात, एरवी कुलपं, आणि किल्ल्या असतात ठाण्यात, डोंबिवलीत, नालासोपाऱ्यात. कुणी मारलं नाही, जिंकलं नाही, नकाशावरचा रंग सुद्धा बदलला नाही.

मी भाच्याला म्हटलं, अरे, एकाच ठिकाणची किती माणसं उचलशील, रिकामं झालं ते.

फोनवरून नजर न काढता म्हणाला, "मामा, ते वाढतं रे परत, आपोआप. नुसते टर्न घालवायचे."

"मग घालव की."

"त्यासाठी लढाई थांबवायला लागेल ना," तो म्हणाला आणि पट्टी ओढली.