अण्णांची पट्टी

पहिल्या दिवशी आवाजच येईना. स्पीकरची पिन हिरव्या भोकातून काढून गुलाबी भोकात घालून पाहिली, कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला. पाऊण तासाने उलगडा झाला. नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडल्यापासून कॉम्प्युटर सगळा आवाज त्याच्याकडे पाठवत होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. मुक्याच्या हाती निरोप!

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. आईच्या माहेरून साठ मिनिटांची एक कॅसेट मिळाली होती. एक बाजू भरून अण्णांचे, म्हणजे तिच्या वडिलांचे अभंग, दुसरी कोरी. एका दुकानातून ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली. टाळ वाजले, पेटी वाजली, अण्णा सुरू झाले. मेथी निवडणाऱ्या आईने मान वर केली.

"हे अण्णा नव्हेत."

"अगं, त्यांचाच आवाज आहे."

"आवाज असेल. पट्टी त्यांची नाही. अण्णा जन्मभर काळी एकमध्ये गायले."

मी प्लेअर बदलला, साउंड ड्रायव्हर पुन्हा टाकला, स्पीकर काढून हेडफोन लावले. अण्णा तसेच चढलेले. दुकानातल्या डेकचा पट्टा सैल असेल म्हणावं, तर सैल पट्ट्याने गाणं रेंगाळतं, चढत नाही. तोवर आईने पेटी काढली होती. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्ट्या. पांढरी दोन दाबली तर अण्णा तिच्या वर, काळी दोन दाबली तर तिच्या खाली. "मधेच लटकलेत बघ," ती म्हणाली.

स्क्रीनवर गाणं संपायची वेळ दिसत होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं. अर्ध्या तासाची बाजू साडेसत्तावीस मिनिटांत संपत होती. मग गणित सुटलं. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेली नोंद. सीडीसाठी ती ४४,१०० वेळा घेतात, व्हिडिओसाठी बहुधा ४८,०००. (४४,१०० हा आकडा जुन्या व्हिडिओ टेपचा वारसा आहे. सुरुवातीला डिजिटल आवाज तिच्यावरच साठवत. एका चित्रक्षेत्रात, म्हणजे व्हिडिओच्या अर्ध्या चित्रात, २४५ ओळी, सेकंदाला ६० क्षेत्रं, ओळीला ३ नोंदी. गुणून बघा.) दुकानात नोंदी झाल्या ४४,१०० च्या हिशेबाने, फाइलच्या कपाळावर मात्र लिहिलं गेलं ४८,०००. कॉम्प्युटर कपाळावरचं वाचतो, गळा ओळखत नाही. त्यामुळे वेग नऊ टक्क्यांनी वाढला, म्हणजे पेटीच्या भाषेत जवळजवळ दीड पट्टी. आणि अर्ध्या पट्टीला पेटीवर जागाच नसते.

ऑडॅसिटी या आवाज दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून ट्रॅकचा रेट ४४,१०० केला. एवढंच काम, दहा सेकंदांचं. त्याआधीचे तीन तास हिशेबात धरत नाही.

पुन्हा लावलं. आईने न बघता काळी एक दाबून धरली. अण्णांचा सा आला आणि पेटीत असा मिसळला की पेटी वाजतेय की नाही कळेना. मेथी तशीच पडून राहिली.

बाजू संपताना कुणीतरी खोकलं. मघाशी ते ऐकून आई काहीच बोलली नव्हती.

"मधला मामा," ती म्हणाली.