जानेवारीचा सूर्य, जुलैचा सूर्य

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर अंतरावर असते, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात हेच अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर भरते. या पन्नास लाख किलोमीटरांमुळे सूर्यबिंबाचा दिसणारा व्यास जानेवारीत ३२ कला ३२ विकला, तर जुलैत ३१ कला २८ विकला होतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). फरक जेमतेम ३.४ टक्क्यांचा आहे. सहा महिन्यांच्या अंतराने पाहिलेली दोन बिंबे मनात शेजारी ठेवून हा फरक ओळखणे कोणालाही शक्य नाही. आणि उगवता किंवा मावळता सूर्य मोठा भासतो तो दृष्टिभ्रम असून त्याचा या फरकाशी काही संबंध नाही. कॅमेऱ्याला मात्र हा ३.४ टक्क्यांचा फरक सहज पकडता येतो.

माझी दुर्बीण १००० मिलिमीटर नाभीय अंतराची आहे. तिच्यातून जानेवारीतले बिंब सेन्सरवर ९.४६ मिलिमीटरचे आणि जुलैतले ९.१५ मिलिमीटरचे पडायला हवे. माझ्या कॅमेऱ्याचा एकेक पिक्सेल चार मायक्रॉनचा असल्यामुळे हे व्यास अनुक्रमे सुमारे २३६६ आणि २२८८ पिक्सेल होतात, म्हणजे अंतर ७८ पिक्सेलांचे. दोन्ही चित्रे मधोमध कापून एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा अर्धभाग जोडला, की सांध्यावर वर आणि खाली एकेक लहानशी पायरी दिसते.

पायरी दिसणे सोपे आहे, पण ती अचूक मोजायची तर सहा महिन्यांच्या अंतराने काढलेली दोन्ही चित्रे खरोखर एकाच मापाची हवीत. झूम लेन्स या कामाला वापरू नये, कारण तिची कडी पुन्हा नेमकी त्याच जागी आणता येत नाही आणि नाभीय अंतरात दोन-तीन टक्क्यांची चूक झाली, तरी सगळा फरक तिच्यात बुडून जातो. दुर्बीण, कॅमेरा, त्यांना जोडणारी नळी आणि फिल्टर हा सगळा संच दोन्ही वेळेस तोच ठेवावा. हा फिल्टर सूर्यासाठीच बनवलेला आणि दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा असावा. डोळ्याकडच्या बाजूला लावायचे फिल्टर उष्णतेने तडकतात आणि डोळा कायमचा जातो, म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नये. सूर्य आकाशात उंच असतानाच चित्र घ्यावे. क्षितिजालगत वातावरणाच्या वक्रीभवनामुळे बिंबाचा उभा व्यास सुमारे सहाव्या भागाने चेपला जातो, आणि आपण ज्याच्या शोधात आहोत त्या फरकापेक्षा ही चेपण कितीतरी मोठी असते. (दुपारी आपण सूर्योदयाच्या वेळेपेक्षा पृथ्वीच्या त्रिज्येइतके, म्हणजे सहा हजारांवर किलोमीटर, सूर्याच्या जवळ असतो हे खरे आहे, पण त्याने पडणारा फरक विकलेच्या दहाव्या भागाहूनही कमी असल्याने तो खुशाल विसरावा.)

सर्वांत जास्त वेळ खाते ती बिंबाची कड. सूर्य मध्यभागी तेजस्वी असतो आणि कडेकडे मंद होत जातो, त्यामुळे चित्र थोडे जास्त उजळ घेतले की ती मंद कडही भरून निघते, तिच्याभोवतीचा विखुरलेला प्रकाश तिला चिकटतो आणि बिंब काही पिक्सेलांनी फुगते. त्यातच दिवसा तापलेल्या हवेमुळे कड सतत थरथरत असते. म्हणून मी एका चित्रावर विसंबत नाही. एकामागून एक बरीच चित्रे घेऊन त्यांतली स्थिर तेवढी निवडतो आणि प्रत्येकात प्रकाश जिथे सर्वांत वेगाने घसरतो ती जागा कड मानून तिच्यावर वर्तुळ बसवतो. नजरेने रेघ ओढण्यापेक्षा हे किचकट आहे, पण एक-दोन पिक्सेलांची खात्री हवी असेल तर दुसरा मार्ग नाही.

तारखेची चिंता मात्र नको. या दोन टोकांपाशी व्यास इतका संथ बदलतो, की ढगांनी दहा दिवस अडवले तरी नुकसान अर्ध्या विकलेहून कमी होते. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो सर्वांत वेगाने बदलतो आणि तेव्हाही दिवसाला विकलेच्या अर्ध्याहून थोडाच जास्त.

एवढा खटाटोप मला करावासा वाटतो तो एका जुन्या वादामुळे. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य जानेवारीच्या आरंभी दिवसाला सुमारे ६१ कला सरकतो आणि जुलैच्या आरंभी सुमारे ५७ कला. म्हणजे वेगातला फरक सात टक्क्यांचा आहे. सूर्य वर्तुळात एकसारख्या वेगाने फिरतो, फक्त पृथ्वी त्या वर्तुळाच्या मध्यापासून जरा बाजूला आहे, असे जुने मत होते. ते खरे असेल तर वेगातला सगळा फरक अंतरामुळे भासणारा ठरतो, आणि मग बिंबाचा व्यासही सात टक्क्यांनीच बदलायला हवा. खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या मताप्रमाणे मात्र अर्धा फरक अंतरामुळे भासतो आणि उरलेला अर्धा खरोखरीच्या वेगातला असतो, म्हणून व्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास बदलावा. जोव्हान्नी कॅसिनी याने १६५५ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात, सान पेत्रोनिओ या चर्चच्या फरशीवर मध्यान्हरेषा आखली. सुमारे २७ मीटर उंचीवरच्या एका भोकातून आत येणारे सूर्याचे बिंब दुपारी त्या रेषेवर पडत असे, आणि त्याचा आकार ऋतूंनुसार मोजून कॅसिनीने केप्लरच्या बाजूने कौल दिला.

हाच निवाडा आज दोन छायाचित्रांत होतो. जुने मत बरोबर असते तर माझ्या सेन्सरवर सुमारे १५५ पिक्सेलांचा फरक दिसायला हवा होता. मोजमापात कितीही ढिलाई धरली तरी तो तिथवर पोहोचत नाही. ७८ च्या आसपासच राहतो.

पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, हे मात्र या चित्रांवरून सिद्ध होत नाही. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या काहीही सुचवोत, त्या कक्षेचा लहान अक्ष मोठ्या अक्षापेक्षा ०.०१४ टक्क्यानेच आखूड आहे; सूर्य मध्यापासून सुमारे २५ लाख किलोमीटर बाजूला असणे आपल्या चित्रांत दिसते, कक्षेचा चपटेपणा दिसत नाही. केप्लरलाही लंबवर्तुळ सापडले ते सूर्याच्या नव्हे, तर टायको ब्राहेने टिपून ठेवलेल्या मंगळाच्या निरीक्षणांवरून. मंगळाच्या कक्षेत सूर्य मध्यापासून नऊ टक्क्यांहून अधिक ढळलेला असल्याने तिथे वर्तुळाचे गणित उघड चुकत होते.